उटीच्या डोंगरावरची अखंड मोजदाद

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विज्ञान दिनाच्या व्यासपीठावर कला शाखेच्या पदवीधराला बोलावणे हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. माझे सारे आयुष्य बातमीच्या धंद्यात गेले. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला होता. तो पुन्हा जुळला याचे श्रेय माझ्या पुतणीला आणि एका खोट्या संदेशाला द्यावे लागेल.

तो संदेश आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला असणार. आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत विश्वकिरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, म्हणून मोबाइल बंद करा आणि उशाशी ठेवू नका, असा त्याचा मथितार्थ असतो. आधाराला नासाचे नाव असते, तारीख मात्र कधीच नसते. त्यामुळे तो कुठल्याही वर्षी, कुठल्याही दिवशी नवा ठरतो. आमच्या घरच्या गटावर तो आला, तेव्हा दोन ज्येष्ठ मंडळींनी खरोखरच फोन बंद करून कपाटात ठेवले. पुतणीने मला विचारले, "काका, हे किरण खरेच असतात का? आणि असतील तर ते कुणी मोजते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तत्काळ दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे किरण पृथ्वीजवळून जाण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण ते अहोरात्र आपल्या अंगातून जात आहेत. आपण तळहात आडवा धरा. साधारण दर सेकंदाला एक कण त्यातून आरपार जातो आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. नावात किरण असले तरी हे प्रकाशाचे झोत नव्हेत, हे कण आहेत. अवकाशातून येणारे हे कण बहुतांशी प्रोटॉन असतात. वातावरणाच्या वरच्या थरात हवेतील अणूंवर आदळून ते फुटतात आणि नव्या कणांचा वर्षाव होतो. त्यांपैकी जमिनीपर्यंत, किंबहुना जमिनीच्या पोटातही, सहज पोहोचणारा कण म्हणजे म्यूऑन. तळहातातून जातो तो मुख्यतः हाच.

हे किरण वरून येतात ही गोष्ट १९१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी सिद्ध केली. ७ ऑगस्टला ते बलूनमध्ये बसून पाच हजार मीटरांहून अधिक उंच गेले आणि वर जावे तसे प्रारण वाढते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी उपकरणावर वाचले. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ही कथा रोमहर्षक असल्यामुळे पाठ्यपुस्तकांत आली. मला मात्र तिच्या पुढची, काहीशी नीरस कथा अधिक मोलाची वाटते.

अमेरिकेच्या कार्नेगी संस्थेत स्कॉट फोर्बुश नावाचे संशोधक होते. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत, उदाहरणार्थ पेरूमधील हुआंकायो येथे, त्यांच्या संस्थेची उपकरणे विश्वकिरणांची नोंद अखंड करीत होती. नोंदी तपासणे हे त्यांचे काम. एप्रिल १९३७ मध्ये पृथ्वीवर चुंबकी वादळ झाले, म्हणजे होकायंत्राच्या सुया जगभर एकाच वेळी विचलित झाल्या. त्या दिवसांच्या विश्वकिरणांच्या नोंदी फोर्बुश यांनी शेजारी-शेजारी मांडल्या, तर हजारो किलोमीटर अंतरावरच्या ठिकाणी किरण एकाच वेळी घटलेले दिसले. एका ठिकाणची घट यंत्राचा दोष म्हणून सोडून देता आली असती. सगळीकडे एकदम झालेली घट तशी सोडता येत नाही. या घटीला आज फोर्बुश यांचेच नाव आहे. पुढे १९५४ मध्ये त्यांनी अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखविले की सूर्यावरील डाग वाढले की विश्वकिरण घटतात, आणि डाग कमी झाले की वाढतात. आज २८ फेब्रुवारी आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १९४२ च्या २८ फेब्रुवारीला किरणांमध्ये घट नव्हे, अचानक वाढ झाल्याची नोंद झाली. ते कण सूर्यावरूनच आले असावेत, हा निष्कर्ष फोर्बुश यांनी चार वर्षे थांबून, १९४६ मध्ये तशीच तिसरी घटना घडल्यावर प्रसिद्ध केला. बातमीदाराला चार तास थांबवत नाही. असो.

घट का होते? सूर्यावरून कधी कधी विद्युत्भारित तप्त वायूचा प्रचंड मेघ बाहेर फेकला जातो. तो आपले चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो आणि वाटेतील विश्वकिरण बाजूला सारतो. असा मेघ पृथ्वीवरून जात असताना जमिनीवरची मोजणी काही तासांत खाली येते आणि काही दिवसांत सावकाश पूर्ववत होते. म्हणजे जमिनीवर बसून म्यूऑन मोजणारा माणूस, पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्याने काय धाडले, याचा अदमास घेत असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतीय विज्ञानाच्या दोन आधारस्तंभांचा प्रारंभ याच विषयात झाला, हे आपण बहुधा विसरतो. होमी भाभा यांनी हाइटलर यांच्यासमवेत विश्वकिरणांच्या वर्षावाचे गणित १९३७ मध्ये मांडले. महायुद्धामुळे ते मायदेशी राहिले, बंगलोरला त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले आणि त्यातूनच १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. त्याच बंगलोरला तरुण विक्रम साराभाई सर रामन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत होते. त्यांचा १९४२ चा पहिला शोधनिबंध विश्वकिरणांच्या कालानुसार होणाऱ्या वितरणावर आहे. अग्निबाण आणि उपग्रह नंतरचे. आधी हा तरुण किरण केव्हा वाढतात आणि केव्हा घटतात, हे मोजत होता. उष्ण कटिबंधातील विश्वकिरण हाच त्यांच्या केंब्रिजच्या प्रबंधाचा विषय होता.

या परंपरेची आजची शाखा निलगिरीत उटी येथे आहे. काही वर्षांपूर्वी मी सहकुटुंब उटीला गेलो होतो. छोट्या आगगाडीत बसलो, बाग पाहिली, चहा-चॉकलेट घेतले आणि परतलो. त्याच गावात, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटर उंचीवर, टाटा संस्थेची विश्वकिरण प्रयोगशाळा आहे आणि तिथे जगातील सर्वांत मोठ्या म्यूऑन दुर्बिणींपैकी एक अखंड चालू आहे, याचा मला गंध नव्हता. पत्रकाराने हे कबूल करणे लाजिरवाणे आहे, पण खरे आहे.

ग्रेप्स-३ हे या प्रयोगाचे नाव. भारत आणि जपान येथील संस्थांचे ते संयुक्त कार्य आहे. दुर्बीण म्हटले की भिंगे आठवतात. इथे भिंग नाही. चौकोनी पोलादी नळ्या आहेत. प्रत्येक नळी सहा मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद व तेवढीच उंच. आत आर्गॉन व मिथेन यांचे मिश्रण आणि मधोमध टंगस्टनची बारीक तार. म्यूऑन नळीतून गेला की वायूत विद्युत्भार सुटतो आणि तारेवर त्याची चाहूल लागते. याच जातीच्या नळ्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रोटॉनचा क्षय शोधण्यासाठी आपल्या शास्त्रज्ञांनी वापरल्या होत्या, तो अनुभव इथे कामी आला. उटीला अशा ३,७१२ नळ्या एकावर एक चार थरांत रचल्या आहेत आणि त्यांच्यावर दोन मीटर जाडीचे काँक्रीट आहे. काँक्रीट कशासाठी? इतर कण तिथेच अडावेत आणि खाली केवळ म्यूऑन यावेत यासाठी. चार थरांतील कोणकोणत्या नळ्या वाजल्या यावरून कण कोणत्या दिशेने आला, हेही कळते. दुर्बिणीचे एकंदर क्षेत्रफळ ५६० चौरस मीटर. तिच्याभोवती उघड्यावर सुमारे चारशे शोधक मांडलेले आहेत. त्यांत कण गेल्यावर चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या लाद्या असतात. या लाद्या परदेशातून आणणे परवडेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या उटीतच तयार करण्याचे तंत्र बसविले. स्वदेशी या शब्दावर आपण पुष्कळ बोलतो. इथे तो फारसा न बोलता आचरणात आला आहे.

एवढे मोठे क्षेत्रफळ कशाला, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर साध्या हिशेबात आहे. ही दुर्बीण दिवसाला सुमारे चारशे कोटी म्यूऑन मोजते, म्हणजे मिनिटाला पावणेतीन लाखांच्या दहापट. इतकी मोठी संख्या असली म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार दहा हजारांत सहा इतकाच उरतो. त्याहून मोठा फरक दिसला तर काहीतरी घडले, असे छातीठोकपणे म्हणता येते. छोट्या यंत्राला हा फरक आकड्यांच्या गोंधळात सापडणारच नाही. आणि ५६० चौरस मीटरचे यंत्र, वर दोन मीटर काँक्रीट, हे काही उपग्रहावर चढविता येत नाही. या कामासाठी पाय जमिनीवरच हवेत.

पण जमिनीवर असण्याचा भुर्दंडही आहे. वर आणि यंत्र यांच्यामध्ये सगळे वातावरण आहे. हवेचा दाब वाढला, म्हणजे डोक्यावर हवा अधिक झाली, की म्यूऑन घटतात. दाब एका हेक्टोपास्कलने वाढला तर हजारात सव्वा म्यूऑन कमी होतात, असे उटीच्या शास्त्रज्ञांनी मोजून ठरविले. ते कसे ठरविले, यातच मला खरी गंमत वाटते. आपल्या उष्ण प्रदेशात हवेच्या दाबाला समुद्रासारखी भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब शिगेला पोहोचतो, दर बारा तासांनी. म्यूऑनांच्या प्रदीर्घ नोंदींतून ही नेमकी बारा तासांची लहर गणिताने वेगळी काढली आणि ती दाबाच्या लहरीशी ताडून पाहिली. जी गोष्ट मोजणीत व्यत्यय आणत होती, तिच्याच मदतीने व्यत्ययाचे माप घेतले. वरच्या हवेच्या तापमानाचाही परिणाम होतो. तोही असाच अनेक वर्षांच्या नोंदींवरून वजा करावा लागतो. त्याशिवाय नळ्यांतील वायूचा दाब आणि विजेचा पुरवठा आहेतच. यंत्राची लहर, हवेची लहर आणि सूर्याची लहर एकमेकींपासून अलग करणे, हे या क्षेत्रातले नव्वद टक्के काम आहे, असे मला वाचताना वाटले. त्याची बातमी कधी होत नाही.

बातमी झाली ती २२ जून २०१५ च्या घटनेची. सूर्यावरून निघालेला एक मेघ ताशी सुमारे २५ लाख किलोमीटर वेगाने पृथ्वीवर येऊन आदळला. उच्च अक्षांशांवर ध्रुवीय प्रकाश दिसला, अनेक देशांत रेडिओ संदेशवहन विस्कळीत झाले. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बंधुभगिनींनो, योगायोग पाहा. त्या खोट्या संदेशात जी वेळ असते, जवळपास त्याच वेळी खरोखर काहीतरी घडत होते, आणि त्या रात्री कुणाला कसलाही संदेश आला नव्हता! उटीच्या दुर्बिणीत मोजणी घटत असतानाच मध्येच सुमारे दोन तास म्यूऑन वाढलेले दिसले.

ही वाढ विशेष का, ते सांगतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हे आपले कवच आहे. दक्षिण भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे इथे हे कवच जगात सर्वांत बळकट असणाऱ्या प्रदेशांत मोडते. थुंबा हे ठिकाण अग्निबाणांसाठी निवडले गेले तेही या विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळेच. उटीला सरळ वरून येणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा सतरा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत असेल तर त्याला प्रवेश नाही. अशा ठिकाणी दोन तास अधिक कण येतात, याचा अर्थ काय? उटीच्या गटाने २०१६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या मान्यवर नियतकालिकात निष्कर्ष मांडला की मेघाच्या आघाताने पृथ्वीचे चुंबकावरण पृथ्वीच्या त्रिज्येच्या अकरा पटींवरून चार पटींपर्यंत दबले आणि कवच काही काळ क्षीण झाले.

कवचाला तडा गेला, असे मथळे त्या वेळी देशभर छापून आले. मी ज्या दैनिकात होतो तिथे ती बातमी एका स्तंभात, शेवटच्या पानावर गेली. ती तिथे टाकणारा मीच होतो. तिच्या पुढचा भाग तर कुठेच आला नाही, म्हणून तो इथे सांगणे माझे कर्तव्य समजतो. जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील व कुवेत येथील म्यूऑन दुर्बिणींच्या जागतिक जाळ्यावर काम करणाऱ्या गटाने २०१८ मध्ये याच रात्रीचा वेगळा अन्वयार्थ लावला. त्यांच्या मते, सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जिथे पालटते त्या सीमेतून पृथ्वी जात होती आणि तिथे किरणांची दाटीच अधिक होती. म्हणजे कवच दुबळे झाले, की बाहेर गर्दी वाढली? दोन्ही बाजूंनी आकडे आहेत, गणिते आहेत. एकाने दुसऱ्याला देशद्रोही म्हटलेले नाही. आपल्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष परक्यांनी तपासला यात आपला अवमान नाही. तपासण्याजोगे काही आपण जगापुढे ठेवले, याचे समाधान असावे. अभिमान बाळगायचाच तर वाद निकालात निघण्याची वाट न पाहता, त्या दोन तासांची इतकी काटेकोर नोंद आपल्याकडे झाली, याचा बाळगावा.

मेघ सूर्याचेच असतात असे नाही. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर गडगडाटी ढग आले आणि अठरा मिनिटे म्यूऑनांची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. वस्तुतः ढगांचा हा प्रभाव सूर्याच्या अभ्यासात अडथळा म्हणून बाजूला काढला जात असे. या गटाने अडथळ्याचाच अभ्यास केला. म्यूऑन विद्युत्भारित असतात, काही धन, काही ऋण, आणि धनांची संख्या थोडी अधिक. ढगातील विद्युत्क्षेत्र एकाला पुढे ढकलते, दुसऱ्याला मागे ओढते. त्यामुळे दुर्बिणीपर्यंत पोहोचणाऱ्यांच्या संख्येत फरक पडतो. फरकावरून उलट गणित करून त्यांनी ढगातील विद्युत्दाब काढला, तो १३० कोटी व्होल्ट निघाला. त्यापूर्वी बलून सोडून मिळालेला मोठ्यात मोठा आकडा १३ कोटींचा होता. गडगडाटी ढगांत शंभर कोटी व्होल्ट असू शकतील, असे भाकीत सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकात केले होते. ते तपासायला नव्वद वर्षे लागली. हा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बलून ढगाच्या एका वाटेने जातो. म्यूऑन संपूर्ण ढगातून एकाच वेळी जातात, ही त्यातली मेख.

आता प्रश्न येतो, याचा सामान्य कुटुंबाशी काय संबंध? १३ मार्च १९८९ रोजी चुंबकी वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था सुमारे दीड मिनिटात कोसळली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये साध्याशा वादळाने स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह गमावले गेले. मे २०२४ च्या वादळात तर लडाखमधील हानले येथून लाल ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र घेता आले. आपल्या आदित्य-एल१ ने ६ जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरवर पहारा सुरू केला. परंतु तिथून मेघ पृथ्वीवर यायला तासभर किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. विश्वकिरण मात्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येतात. येणाऱ्या मेघाने अडविलेल्या किरणांची उणीव, मेघ पोहोचण्यापूर्वी काही तास, विशिष्ट दिशेला जाणवते, असे काही मोठ्या वादळांत आढळले आहे. प्रत्येक वेळी नव्हे. पण वीजकेंद्र चालविणाऱ्याला काही तास मिळणे आणि काही मिनिटे मिळणे यांत फार अंतर आहे.

सर्वांत मोठे ज्ञात वादळ १८५९ च्या सप्टेंबरमधले. त्याची जगातील सर्वोत्तम चुंबकीय नोंद कुठे झाली, माहीत आहे? आपल्या मुंबईत, कुलाबा वेधशाळेत. २ सप्टेंबरला क्षेत्राची तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे तिथे हाताने लिहून ठेवले गेले. ती वही दीड शतक पडून होती. डॉ. गुरुबक्ष लाखिना आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिच्यावरून त्या वादळाची तीव्रता काढली. दर काही मिनिटांनी सुई पाहून आकडा लिहिणाऱ्या त्या कुलाब्याच्या माणसाला आपण काय नोंदवीत आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

अशी मालिका तुटली तर पैसे खर्चून परत मिळत नाही. अमेरिकेतील क्लायमॅक्स येथील न्यूट्रॉन मोजणी १९५१ पासून चालली होती, ती २००६ मध्ये थांबली. मधली वर्षे आता कुणीही मोजू शकणार नाही. कुलाब्यावरही तशी वेळ आली होती. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर चुंबकमापन तिथे अशक्य होणार होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पोरबंदरचा दगड आणून, त्यात चुंबकीय अंश नाही याची आधी खात्री करून, ती बांधली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचन चालू ठेवले, म्हणजे जुना आकडा नव्या आकड्याशी जोडता यावा.

उटीच्या प्रयोगशाळेने तितक्याच क्षेत्रफळाची दुसरी म्यूऑन दुर्बीण उभारण्याचे काम हाती घेतले आहे, हे वाचले तेव्हा मला अलिबागची ती दोन वर्षे आठवली. पुतणीला मी हे सारे सांगितले. तिने एवढेच विचारले, की रात्री दोन वाजता तिथे कोण असते. त्या खेपेला मात्र मला उत्तर देता आले.